पुस्तक घेतलं का हजेरी

गोजराबाई चौथीपर्यंत शिकली. पाचवीची शाळा ओढ्याच्या पलीकडं होती, आणि तिला पलीकडं नेऊन सोडायला घरात कोणाला सवड नव्हती, म्हणून शिक्षण अलीकडंच राहिलं. पण जेवढं शिकली तेवढं तिनं वाया जाऊ दिलं नाही. पुडीचा कागद असो की भिंतीवरची जाहिरात, दिसलं अक्षर की वाचलंच. तिचा नवरा केरू म्हणायचा, "हिला उपास अन्नाचा घडंल, अक्षराचा नाय घडायचा."

अशा बाईनं पुस्तक लिहिलं यात नवल नाही. नवल पुढंच आहे. पुस्तक लिहिताना तिनं दुःख सोसलं, आणि वाटताना ते दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं. ठेवलं ते तिला कळलंही नाही. कळायला अख्खा सीझन जावा लागला.

सीझन म्हणजे द्राक्षांचा. ओझरच्या पुढं, हायवेला लागून एका शेठचं पॅकहाउस आहे. बागेतून आलेले घड तिथं साफ होतात, पेट्यांत भरले जातात, थंड खोलीत जातात आणि तिथून परदेशी. जानेवारी लागला की तीन-साडेतीन महिने तिथं बायाच बाया. डोक्याला पांढरी टोपी, हातात बारीक टोकाची कात्री, समोर लांबच लांब टेबल. फुटका मणी, सुकलेला मणी, वाढ न झालेला मणी तेवढा कात्रीनं उडवायचा, आणि शेजारच्या मण्याला धक्का लागू द्यायचा नाही. या कामात गोजराबाईची वीस वर्षं गेली, आणि शेवटची सात-आठ वर्षं ती या बायांची मुकादम होती.

रोज संध्याकाळी शेठचा फोन यायचा, "आक्का, उद्या चाळीस बाया," नाहीतर, "उद्या पंचवीसच." टोळीत नावं पन्नास-पंचावन्न. त्यातल्या कोणत्या चाळीस आणि कोणत्या पंचवीस, ते गोजराबाई ठरवी. फोनवर बायांचा ग्रुप होता, त्यात ती एकेकीचं नाव बोलून टाकी. जिचं नाव आलं ती सकाळी सहाला नाशकात द्वारका चौकात पिकअपपाशी हजर. जिचं नाही आलं ती घरी. त्यात रीत अशी, की एका मुकादमच्या टोळीतली बाई दुसरी मुकादम भर सीझनात घेत नसे. आज तिनं माझी नेली, उद्या मी तिची नेली, तर एकमेकींच्या झिंज्या धरायची वेळ यायची. तेव्हा गोजराबाईनं नाव घेतलं नाही, तर त्या बाईला द्राक्षाच्या कामात दुसरं दार नव्हतं.

गोजराबाईला ही सत्ता वाटत नसे. हातात एक हजेरीची वही, वहीला दोरीनं बांधलेली पेन्सिल. त्यात कसली आली सत्ता, असंच तिला वाटायचं. ज्याच्या हातात असते त्याला ती दिसत नाही, समोरच्याला लांबूनच दिसते.

तिला एकच लेक होती, सुवर्णा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. सहा वर्षांमागं भाद्रपदात तिला ताप भरला. साधा ताप म्हणून चार दिवस घरी काढले, पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी घरी आणलं ते चादरीत. एकोणीस वर्षांची पोर.

मागं तिच्या वह्या राहिल्या. एका वहीत पुढची बावीस पानं लिहिलेली आणि बाकीची कोरी. वर्षभर गोजराबाई ती वही नुसती उघडायची आणि मिटायची. मग एका दुपारी, जिथं सुवर्णाचं अक्षर संपलं होतं त्याच्या खालच्या ओळीपासून तिनं लिहायला घेतलं. सुवर्णाला पहिला दात आला तो दिवस. शाळेत पहिल्यांदा सोडली तेव्हा ती रडली नाही आणि आईच रडली, ते. दहावीला ती पहाटे उठून अंघोळीच्या चुलीपुढं बसून अभ्यास करायची, धुरानं डोळे लाल करून घ्यायची, ते. शेवटचे आठ दिवस. लिहायला चार वर्षं लागली, कारण त्या आठ दिवसांपाशी आली की पेन्सिल ठेवून ती महिना-महिना वहीकडं फिरकत नसे.

छापखानेवाल्यानं वही चाळली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मावशी, छापतो. पण दोनशेच्या खाली मशीन चालू करणं परवडत नाही." मग विचारलं, "वर चित्र काय घालू?"

गोजराबाईनं सुवर्णाचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो काढून दिला. नखाएवढा.

"हा मोठा केला की फुटतो हो. माझ्याकडं एक चित्र आहे, बघा."

त्यानं कॉम्प्युटरवर दाखवलं ते लग्नपत्रिकांसाठी ठेवलेलं चित्र होतं. पिवळी साडी, कपाळावर मुंडावळ्या, खाली झुकलेली मान. पुस्तकात लग्नाचं अक्षर नव्हतं. पण लेकीला तसं बघायचं राहूनच गेलं होतं. गोजराबाई त्या नवरीकडं बघत बसली आणि "नको" म्हणायचं विसरली.

पुस्तकाचं नाव ठेवलं ‘सुवर्णा होती तेव्हा’.

दोनशे पुस्तकं घरी आली, पलंगाखाली गेली. नातेवाइकांना वीस-पंचवीस दिली. नणंदेनं ती शोकेसमध्ये बशांच्या शेजारी लावली. पण गोजराबाईला शोकेस नको होती. तिला एवढंच हवं होतं की आपण आणि केरू गेल्यावरही ही पोर कशी होती हे कोणाला तरी ठाऊक असावं. कोणीतरी तिला आतून बाहेरून वाचावं. मग रोज एकाच टेबलाशी बसणाऱ्या पन्नास बाया सोडून ती दुसरीकडं कुठं जाणार?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती पिशवीभर पुस्तकं घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत बाया डबे उघडून बसल्या होत्या.

"अगंबाई! आक्का, तुम्ही लिवलं?" लताबाई घास हातातच ठेवून म्हणाली. ही लताबाई म्हणजे टोळीतलं सगळ्यात गोड तोंड. शेठला कॉफी कशी लागते हे शेठच्या बायकोआधी हिला ठाऊक. "अहो, आपल्या आक्का लेखिका झाल्या गं! मला दोन द्या. एक मला, एक माझ्या नणंदंला."

"वाचशील ना पण?"

"वाचशील ना, म्हंजे? आज घरी गेल्याबरोबर वाचते."

चांगुणानं पदर पुढं करून प्रसाद घ्यावा तसं पुस्तक घेतलं. एकीनं घेतलं, दुसरीनं घेतलं, मग कोणी राहीना. पैसे गोजराबाईनं मागितले नाहीत. पण बायांनी आपणहून दिले, आणि दिले ते तिनं घेतले.

दुसऱ्या दिवसापासून ती विचारू लागली. सकाळी पिकअपमध्ये चढता चढता, एका हातात वही, दुसऱ्या हातात पेन्सिल, एकीच्या नावापुढं खूण करायची आणि विचारायची, "वाचलं का गं?"

"वाचलं ना आक्का. लय छान हाय."

"डोळ्याला पाणीच आलं."

"माझ्या सासूनं पन ऐकलं. ती पन रडली."

गोजराबाईचा दिवस त्या शब्दांवर जायचा. संध्याकाळी शेठचा फोन आला, "उद्या पंचवीसच," की जी नावं तिच्या तोंडून आधी निघायची त्यात लताबाईचं पहिलं. ठरवून नव्हे. मुंगी काय ठरवून साखरेकडं जाते?

एकीनं मात्र पुस्तक घेतलं नाही. साधना तिचं नाव.

साधना गोजराबाईच्या कॉलनीतलीच, दोन गल्ल्या पलीकडं भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा वारलेला. एक मुलगी, पायल, यंदा दहावीला. साधना स्वतः दहावी पास, टोळीत झरझर वाचणारी अशी तीच एक. सुवर्णा सुट्टीत पॅकहाउसला यायची तेव्हा साधनाच्याच शेजारी बसायची. कात्री कशी धरायची ते तिला साधनानंच शिकवलं होतं. म्हणून गोजराबाईनं तिच्यासाठी एक प्रत निराळी ठेवली होती. आत पहिल्या पानावर तिचं नाव घातलं होतं.

"आक्का, मला आत्ता नको," साधना म्हणाली. हळूच म्हणाली, कोणाला ऐकू जाणार नाही असं.

"अगं, तुझ्याकडून काय पैसे घेनारे का मी?"

"पैशाचं नाय आक्का. हजेरी तुमच्या हातात हाय. आज मी पुस्तक घेतलं, तर पुस्तक घेतलं का हजेरी घेतली, हे मलाबी कळायचं नाय न् तुम्हालाबी. उद्या तुम्ही इचारलं, कसं हाय, तर मी काय सांगू? खरं सांगायला जीभ उचलायची नाय. सुवर्णाचं पुस्तक हाय, त्याच्यासाठी खोटं नाय बोलवत मला." तिनं गोजराबाईच्या हातावर हात ठेवला. "सीझन संपू द्या. मग मी घरी यीन अन् मागून घीन."

शहाण्या माणसाचं बोलणं आपण शांत असताना कळतं, आणि आपण शांत असताना ते कोणी बोलत नाही. एवढ्या बोलण्यातलं गोजराबाईला एकच ऐकू आलं, ‘नको’. माझ्या मेलेल्या लेकीला नको म्हणाली. जिनं तिला कात्री धरायला शिकवलं तीच नको म्हणाली.

त्या संध्याकाळी शेठचा फोन आला, "उद्या चाळीस." गोजराबाईनं चाळीस नावं घेतली. साधनाचं नाव वहीत अकरावं होतं. दहावं घेतल्यावर तिनं बारावं घेतलं.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी साधनाचा फोन आला तर ही म्हणाली, "माल कमी हाय गं सध्या. बघू." माल कमी नव्हता. फेब्रुवारीत द्राक्षाचा माल कधी कमी असतो? माल भरभरून गाड्या येत होत्या, शेठ ओरडत होता. पण माणसाला स्वतःशी खोटं बोलायला पुरावा लागत नाही. आठवडा झाला, पंधरा दिवस झाले. केरूनं एकदा विचारलं, "साधना दिसत नाय गाडीला?" तर म्हणाली, "असंल काहीतरी तिचं."

मार्च उजाडला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत लताबाईनं आपणहून विषय काढला. शेठनं दुसऱ्या दिवसासाठी बाया कमी सांगितल्या होत्या, हे पिकअपच्या ड्रायव्हरकडून सगळ्यांना कळलं होतं. तसं काही कळलं की पुस्तकाचं कौतुक जरा वाढायचं.

"आक्का, काल परत वाचलं मी. तुमच्या सुवर्णाच्या लग्नाच्या ठिकानी आले न् मला हुंदकाच आवरंना."

गोजराबाईनं चपातीचा तुकडा तोडला होता तो तसाच धरला.

"कुठल्या ठिकानी?"

"लग्नाच्या हो. ती सासरी निघते ना, तिथं."

"हां हां, तिथं मलाबी," पलीकडची म्हणाली.

"अन् हळदीचं कसं लिवलंय! असं वाटतं आपनच हळद लावायला उभं हायेत."

"जावई मातर नशीबवान म्हनायचा."

टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुवर्णाचं लग्न लागलं. मांडव पडला, हळद लागली, पाठवणी झाली. जिला अंगाला हळद लागण्याआधी मातीत दिली होती, तिच्या वरातीत चाळीस बाया डबे पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. गोजराबाई एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. कोणीही हसत नव्हतं. सगळ्या मनापासून घाबरलेल्या होत्या. लताबाईच्या पिशवीतून पुस्तकाचा कोपरा दिसत होता, त्यावर पिवळ्या साडीतली मुंडावळ्या बांधलेली नवरी. तेवढंच त्यांनी वाचलं होतं.

सुट्टी संपली. हात धुवायला नळावर गेली तर मागून चांगुणा आली. म्हातारी बाई, गोजराबाईपेक्षा चार वर्षांनी मोठी.

"गोजरा, राग नको धरू. मला तुझा चेहरा दिसला." मग खाली बघून म्हणाली, "आमाला कुठं वाचता येतंय गं? या समद्यात पाच-सात जनींना यीत असंल, त्याबी कंटाळा करतात. पन तू वही घेऊन इचारती. काय सांगायचं? म्या तर पुस्तक देव्हाऱ्यात ठिवलंय. खंडेरायाच्या टाकाशेजारी. रोज हळदकुंकू लावते. एवढं मोठं लिवलंय म्हंजे त्यात काहीतरी असंलच ना."

गोजराबाई परत हात धुवायला लागली. नळ बराच वेळ चालू राहिला.

घरी येऊन तिनं केरूपुढं सगळं ओतलं. केरू पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. सोसायटीत रखवाली करून करून त्याला गप्प बसायची सवय लागली होती. बोलायचा तेव्हा थोडकंच.

"तू इचारायची तव्हा तुझ्या हातात वही असायची का नाय?"

"असायचीच. कामाची वही ती."

"मग बायांनी वहीला उत्तर दिलं. तुला कुठं दिलं?" दोरा दातानं तोडून तो म्हणाला, "एकच होती ती तुला उत्तर देनारी. तिला किती दिस झाले बोलावून?"

गोजराबाईनं बोटांवर मोजलं. पंचवीस दिवस झाले होते.

ती तशीच उठून दोन गल्ल्या पलीकडं गेली. साधनाच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती तर भावाकडं गेली, चांदवडकडं. कांद्याला. इथं बसून काय करनार? काम नाय म्हनं."

"अन् पायल?"

"वयात आलेली पोर, एकटी कशी ठिवायची? नेली संगं."

दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं वीस वर्षांत पहिल्यांदा भर सीझनात खाडा केला. चांदवडची गाडी धरली. पिशवीत साधनाचं नाव घातलेली प्रत होती. वाटभर ती मनाशी जुळवत होती, काय बोलायचं. फाट्यावर उतरून विचारत विचारत साधनाचा भाऊ जयराम याच्या शेतावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पावसाळा सरता लावलेला रांगडा कांदा काढून वाफ्यावाफ्यानं पसरलेला, आणि बाया ओळीनं बसून विळ्यानं पाती कापत होत्या. ओळीच्या टोकाला पायल होती. डोक्याला ओढणी, हात मातीनं भरलेले, डोळ्यांतून कांद्याचं पाणी.

गोजराबाईला एकदम काहीतरी आठवलं.

"पायल, तुझी परीक्षा चालूये ना गं? आज पेपर नाय?"

"होता," पायल म्हणाली आणि पुढचा कांदा उचलला.

साधना उठून आली. "या ना आक्का. सावलीला बसा." राग नाही, टोमणा नाही. बाईनं भांडण केलं असतं तर गोजराबाईला बरं वाटलं असतं. साधनानं बांधावरच्या थर्मासमधून चहा ओतला आणि कपाची कड पदरानं पुसून पुढं केला.

"पोरीचा पेपर बुडला?"

"सेंटर नाशकात. पहिले दोन दिले तिनं. पहाटे निघून गेली, देऊन आली. तिसऱ्या दिवशी हायवेला गाड्या अडकल्या. पोचलो तर गेट बंद झालं होतं. लय विनवलं, पन नियम हाय त्यांचा." ती पायलकडं बघत होती. "गेटाबाहेर उभी राहून रडली. मग म्हनली, आता पुढचेबी नाय द्यायची. एक गेला ना, मग सगळेच गेले."

"घरी राहिली असतीस तर..." गोजराबाई बोलून गेली आणि आपलेच शब्द तिला चावले.

"घरी बसून खायचं काय आक्का? फोनवर कळलं, माल कमी हाय. म्हनलं, असंल कमी."

"माल कमी नव्हता गं."

"मला ठाऊक हाय."

एवढंच. ओळीत विळ्यांचा आवाज चालू होता. गोजराबाईच्या पुस्तकात एक अख्खं पान होतं, सुवर्णा दहावीला चुलीपुढं बसून अभ्यास करायची त्याचं. ते पान पिशवीत होतं, आणि पिशवी मांडीवर. ती उघडायचं तिचं धाडस झालं नाही.

"उद्यापासनं ये," शेवटी ती म्हणाली. "रोज बोलावते. एक दिवस चुकनार नाय."

साधनानं मान हलवली. "नको आक्का. तुम्ही बोलावलं म्हणून यायचं, नाय बोलावलं म्हणून बसायचं. भावाचा कांदा अर्धा जमिनीतच हाय अजून. तो तरी रुसत नाय."

गोजराबाई परत आली, आणि दुसऱ्या सकाळी हजेरीची वही शेठच्या टेबलावर ठेवली.

"काय झालं आक्का? तब्येत?"

"तब्येत बरी हाय. वही दुसरीला द्या. मी टेबलाला बसते."

शेठ शहाणा होता, त्यानं कारण विचारलं नाही. वही लताबाईला दिली. गोजराबाई कात्री घेऊन साधनाच्या रिकाम्या जागी बसली. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "बायांनो, माझं पुस्तक ज्यांना नको असंल त्यांनी परत आनून द्या. पैसे परत करीन. मनात काय धरनार नाय, अन् धरलं तरी आता माझ्या हातात काय नाय."

यावर सगळ्या हसल्या, अगदी मोकळं हसल्या. चार दिवसांत पुस्तकं परत आली, कोरी करकरीत. कोणी म्हणालं नातवंडं फाडतात, कोणी म्हणालं घरात जागा नाही. चांगुणाचं आलं नाही. "देव्हाऱ्यातलं कसं काढू गं," म्हणाली. "कुंकू लागलंय त्याला."

आठ-दहा दिवसांनी लताबाईनं टेबलावर मसाल्याच्या पुड्या आणल्या. तिच्या जावयानं नवा धंदा काढला होता. "घ्या गं, घरचाच हाय," म्हणत ती एका हातात वही घेऊन टेबलाच्या कडेनं फिरली. सगळ्यांनी घेतल्या. गोजराबाईनंही दोन घेतल्या, आणि घेता घेता तिच्या तोंडून गेलं, "वास छान हाय गं."

वास तिनं घेतलाच नव्हता. पुडी हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग कात्री उचलून कामाला लागली.

एप्रिलमध्ये सीझन संपला. साधनानं सांगितलं होतं, सीझन संपला की येईन. गोजराबाईनं ती प्रत दाराजवळच्या फळीवर काढून ठेवली. तिच्यावरच्या नवरीवर तिनं खाकी कागद चढवला, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसा. मे गेला. जून अर्धा गेला. केरू म्हणाला, "ती नाय यायची आता. कशाला यील?" गोजराबाई म्हणाली, "नाय येऊ दे," पण फळीवरची धूळ रोज पुसत राहिली.

साधना जूनच्या शेवटी आली. खोलीतलं सामान न्यायला आली होती. खोली सोडली होती तिनं, आता भावाच्याच गावात राहायचं ठरलं होतं. दारात उभी राहून म्हणाली, "आक्का, पुस्तक मागायला आले."

गोजराबाईनं पुस्तक दिलं. साधना ओट्यावर बसली आणि तिथंच वाचायला लागली. गोजराबाई आत गेली, भांडी उगाच इकडची तिकडं केली, परत येऊन उंबऱ्यात बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या लेकीला कोणीतरी वाचताना बघत होती. साधना बोट ठेवून वाचत होती. दातापाशी हसली. शाळेपाशी थांबून गोजराबाईकडं एकदा बघितलं. चुलीच्या पानावर आली तेव्हा तिचं बोट एका जागी फार वेळ राहिलं, आणि गोजराबाईनं मान खाली घातली. शेवटच्या आठ दिवसांना साधनानं पाठ थोडी फिरवून घेतली. ऊन ओट्यावरून उतरून गल्लीत गेलं होतं.

गोजराबाईनं विचारलं नाही, कसं आहे. जीभ वळवळली, तरी विचारलं नाही.

साधनानंच पुस्तक मिटलं. "सगळं खरं हाय आक्का," म्हणाली. "पन यातली सुवर्णा लय शहाणी हाय. आपली चिडकी होती हो. एकदा घड खराब केला म्हणून मी बोलले, तर कात्री फेकली होती माझ्या अंगावर. ही बघा खूण." तिनं मनगट पुढं केलं. तांदळाएवढा पांढरा डाग. "अन् मग दोन दिवस बोलली नाय. तिसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी गुळाची पोळी. तेबी न बोलता. ते तुम्ही लिवलंच नाय."

गोजराबाईनं तो डाग बोटानं चाचपला. ती पोर समोर उभी राहिली, फुगलेल्या गालांची, पाय आपटणारी. पुस्तकभर शोधून ती तिला सापडली नव्हती.

"नाय लिवलं," ती म्हणाली. "आईला तेवढंच पुसून टाकायचं असतं बघ." मग थोड्या वेळानं, "पायल? जुलैच्या परीक्षेचा फॉर्म भरला ना?"

"नाय भरला. म्हनते, मामाकडंच बरं हाय." साधना उठली. साडी झटकली. "मी लय सांगितलं. तिचं मन उडालं आक्का."

"मी येऊन बोलू तिच्याशी?"

साधनानं पदर खोचला. चपला घातल्या. पुस्तक ओट्यावरच ठेवून दिलं.

"घेऊन जा ना. तुझं नाव हाय आत."

"राहू द्या. वाचायचं होतं ते वाचलं मी." आणि वाकून पाया पडली, कारण गोजराबाई वयानं मोठी होती, आणि साधना रीत सोडणारी नव्हती. मग गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सामानाच्या टेम्पोकडं गेली.

गोजराबाई पुस्तक घेऊन ओट्यावर बसली. जागा अजून उबदार होती. हजेरीची वही परत देताना दोरी तोडून ठेवून घेतलेली पेन्सिल तिनं आतून आणली आणि शेवटच्या पानाखाली, छापलेल्या अक्षरांच्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहिलं: सुवर्णा चिडकी होती. एकदा तिनं साधनाच्या अंगावर कात्री फेकली. मग गुळाची पोळी दिली.

मग नव्या ओळीवर ‘पायल’ एवढं लिहिलं. पुढं पेन्सिल सरकेना.